गिरण्यांच्या जमिनीवरचे मनोरे

लोअर परळच्या उंच इमारतींबद्दल राधानगरीतून लिहायला कारण आहे. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतली एक पिढी परळ-लालबागला राहून आली. डोंगरउताराची जमीन, पावसावरची शेती. घरातला एक जण तरी मुंबईला जायचाच. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, पाळीप्रमाणे झोपायला जागा, जेवण खानावळीत आणि महिन्याला गावी मनीऑर्डर, असा तो संसार होता. ज्या जमिनीवर त्यांनी साचे चालवले, तिथे आज बँका, विमा कंपन्या आणि जाहिरात संस्थांच्या काचेच्या इमारती आहेत.

आधीच्या इमारती पाहू. 1856 साली ताडदेवला कावसजी दावर यांची पहिली सूतगिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव वाढलं. कताईखातं अनेक मजल्यांचं, ओतीव लोखंडाच्या खांबांवर उभं. विणाईची शेड मात्र एकमजली आणि पसरट, कारण मागांचे हादरे जमिनीनेच सोसायचे. तिचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं आणि त्यातल्या काचा उत्तरेकडे, म्हणजे दिवसभर सारखा उजेड मिळे आणि ऊन थेट सुतावर येत नसे. या बांधणीतला प्रत्येक भाग कामातून आला होता. भोवती चालत जाण्याच्या अंतरावर चाळी होत्या. भोंगा झाला की माणसं पायी गिरणीत पोचत.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरण्या आजारी पडत गेल्या आणि प्रश्न जमिनीवर आला. शहराच्या मधोमध सुमारे सहाशे एकर. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे केले: एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. मला हा नियम आजही अतिशय न्याय्य वाटतो. यातल्या बऱ्याच जमिनी गिरण्या चालवण्यासाठी सवलतीने दिलेल्या होत्या. गिरणीच बंद झाल्यावर शहराने आपला वाटा मागणं रास्तच होतं. 1996 मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सगळ्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा करावा असं सुचवलं. तो झाला नाही.

2001 मध्ये नियम बदलला. वाटणी होणार ती फक्त मोकळ्या जागेची. ज्या जमिनीवर शेड उभ्या आहेत ती हिशेबातून वगळली. गिरणीची बहुतेक जमीन शेडखालीच असते. एका दुरुस्तीने मैदानं आणि घरं दोन्ही आटली. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. दरम्यान राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा लिलाव झाला होता. त्यात मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटींना गेली.

मग प्रत्येक कुंपणाच्या आत सुटा सुटा मनोरा उभा राहिला. मधोमध लिफ्टचा गाभा, भोवती खांबांवर पेललेले मजले, बाहेरून काच. ही पद्धत थंड हवेच्या शहरांतली. मुंबईच्या उन्हात ती काच थंड राखायला वातानुकूलन अखंड चालवावं लागतं. खालचे काही मजले मोटारींसाठी, त्यामुळे रस्त्यावरून चालणाऱ्याला दिसते ती लांबच लांब भिंत. वांद्रे-कुर्ला संकुलात निदान एका सरकारी प्राधिकरणाने रस्ते आखले, भूखंड भाडेपट्ट्याने दिले आणि आलेला पैसा प्रदेशाच्या कामांसाठी हाती ठेवला. (ते मिठी नदीच्या दलदलीवर वसवलं, याचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.) लोअर परळला रस्ते गिरण्यांच्या काळातलेच राहिले.

स्टेशनंही. पूर्वीचा कामगार पायी येई. आताचा कर्मचारी विरार-कल्याणहून लोकलने येतो. एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणारा पूल मात्र जुना, अरुंद जिन्याचा होता. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी पाऊस आला, माणसं जिन्यावर थांबली आणि चेंगराचेंगरीत 23 जणांचा जीव गेला. त्यानंतर लष्कराने काही महिन्यांत नवा पूल बांधला. म्हणजे पूल बांधणं अवघड नव्हतं. इतके मजले मंजूर करताना त्या मजल्यांवर माणसं कोणत्या वाटेने पोचतील हे कुणी विचारलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

घरांसाठी दीड लाखांहून अधिक गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. सोडतीत घरं मिळाली ती थोड्यांना. बाकीच्यांना आता नेरळजवळच्या शेलूत किंवा वांगणीत घर घ्या असं सांगितलं जातं. त्यांना घर मुंबईतच हवं आहे. त्यांची मागणी मला पूर्ण रास्त वाटते.

हे सगळं आपल्या दारात येऊन ठेपलं आहे, म्हणून लिहिलं. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 मध्ये कोल्हापुरात गिरणीचा पाया घातला. व्यापारासाठी शाहूपुरी पेठ त्यांनी 1895 मध्येच वसवली होती आणि पुढे धरणाच्या कामाबरोबर आमची राधानगरी. 2003 मध्ये शाहू मिल बंद पडली. शहराच्या मध्यावर सुमारे 27 एकर जागा, दगडी इमारती, चिमणी. 2022 मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीला तिचं दार उघडलं तेव्हा लोक गर्दी करून आत आले. तिथे स्मारक व्हावं असं ठरलेलं आहे आणि ते व्हावंच. पण कोल्हापूर वाढतंय, जमिनीचे भाव चढताहेत. उद्या कुणीतरी तिथे व्यापारी संकुलाचा आराखडा घेऊन येईलच. त्याआधी या जागेचा किती भाग मोकळा राहील, जुन्या इमारतींतल्या कोणत्या टिकतील आणि कामगारांच्या कुटुंबांना काय मिळेल, हे महापालिकेने आणि सरकारने लिहून जाहीर करावं. आणि वाटणी पूर्ण 27 एकरांची धरावी, शेडखालच्या जमिनीसकट.