ही सीनरी कोणत्या तारखेची?

फ्लाइट सिम्युलेटरसाठी मुंबई विमानतळाची सीनरी करायला बसणाऱ्याने मॉडेलिंगच्या आधी तारीख ठरवावी. टर्मिनल २ उभे केले की आपण २०१४च्या अलीकडे येतो, कारण त्याचे उद्घाटन त्या वर्षीच्या जानेवारीत झाले. एप्रनवर अकासाचे विमान ठेवले की ऑगस्ट २०२२ उजाडलेला असतो. विस्ताराचे ठेवले तर १२ नोव्हेंबर २०२४च्या मागे राहावे लागते; त्या दिवशी ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली. ही दोन विमाने शेजारीशेजारी उभी करणाऱ्याच्या हाती जेमतेम सव्वादोन वर्षांचा काळ उरतो. मग लिव्हरी, टॅक्सीवेच्या पाट्या, कुंपणापलीकडच्या इमारती हे सगळे त्याच काळातले हवे.

जेट एअरवेजची गोष्ट आणखी बारकाईची आहे. जेटची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, पण तिची काही विमाने त्यानंतरही वर्षानुवर्षे मुंबईतच उभी होती. त्यामुळे २०२२च्या सीनरीत जेटची शेपटी दिसली म्हणून लगेच चूक काढता येत नाही. ती विमाने दूरच्या स्टँडवर, कुणी फिरकत नसल्यासारखी उभी असतील तर करणाऱ्याने अभ्यास केला आहे असे समजावे. एअरोब्रिज लावलेले, भोवती सामानाच्या ट्रॉल्या असलेले जेटचे बोइंग आणि पलीकडच्या गेटवर अकासा, असे दृश्य मात्र मुंबईने कधीच पाहिलेले नाही. पैसे देऊन घेतलेल्या सीनरीतही असे प्रसंग दिसतात, कारण स्टॅटिक विमाने जुन्या लायब्ररीतून उचलून ठेवली जातात.

या अंकाचे संपादकीय तारखेवर लिहिण्याचे कारण असे, की आपल्या छंदातली खरेपणाची चर्चा गेली काही वर्षे दुसरीकडेच चालली आहे. टेक्स्चर ४-के आहे का, टर्मिनलच्या आत खुर्च्या आहेत का, चेक-इन काउंटरवर माणसे आहेत का, हे आपण विचारतो. तीन अंशांच्या उतरणीवरून येणाऱ्या वैमानिकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला जमीन दिसते, तिचा चढउतार दिसतो, रंग दिसतो, दिवे दिसतात. आणि नेमक्या त्या गोष्टींत वेगवेगळ्या वर्षांची माहिती एकमेकींवर चढवलेली असते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या दारातच आहे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. ही जागा सपाट नव्हती. उलव्याची सुमारे ९० मीटर उंच टेकडी फोडून तिथे सपाटी करावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. आता आपल्या सिममधली जमीन कुठून येते ते पाहा. जगभरच्या उंचीची जी माहिती सर्वाधिक वापरली जाते, ती एंडेव्हर या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारने गोळा केली. त्या माहितीत उलव्याची टेकडी शाबूत आहे. त्यावर बेतलेल्या मेशवर नवी धावपट्टी टाकली तर ती टेकडी चढून उतरते. त्यावर ताणलेले उपग्रहचित्र बहुधा बांधकाम चालू असतानाचे, म्हणजे लाल माती आणि अर्धवट भराव. टर्मिनलचे मॉडेल २०२५चे. एका चौरस किलोमीटरात तीन काळ.

यावरचा सोपा उपाय सगळ्यांना माहीत आहे: विमानतळाभोवती एक बहुभुज काढायचा आणि आतली सगळी जमीन एका पातळीवर आणायची. सीमेवर मग एक कृत्रिम कडा तयार होतो, नाहीतर खाडीचे पाणी उतारावर चढते. नवी मुंबईची सीनरी करणाऱ्या मंडळींना आमचे कळकळीचे सांगणे आहे की पहिले दोन महिने इमारतींना हात लावू नका. आधी जमीन करा. टेकडीचा कोणता भाग गेला, कोणता राहिला, भराव कुठवर आला, नदी आता कुठून जाते, हे नीट बसवा. टर्मिनलचे कमळ नंतरही करता येईल, आणि ते करणारे पुष्कळ आहेत.

सरसकट सपाटीकरणाचे नुकसान मंगळूरला सर्वांत जास्त होते. तिथली धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे, २४५० मीटरची, आणि टोकाला जमीन तुटते. २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान २४ क्रमांकाच्या धावपट्टीवरून पुढे गेले, खाली कोसळले आणि १५८ माणसे गेली. अशा ठिकाणी सीनरीतल्या टोकाचा सौम्य उतार झाला, तर सिमवर उतरणाऱ्याला त्या जागेबद्दलची मूळ गोष्टच कळणार नाही: उतरताना भोवतालची खोली डोळ्यांना फसवते, आणि धावपट्टी संपली की पुढे काही नसते. सिम हा अनेकांसाठी खेळ असेल. पण त्यातून पुढे खऱ्या कॉकपिटमध्ये जाणारी मुले आपल्या वाचकांत आहेत. त्यांच्यासाठी ही दरी खरी असली पाहिजे.

तारखेचा दुसरा भाग म्हणजे ऋतू, आणि इथे आपल्याकडच्या सीनरीची सर्वांत मोठी उणीव आहे. उपग्रहचित्र ढग नसताना घ्यावे लागते. म्हणून आपल्या पट्ट्यातली जवळपास सगळी चित्रे हिवाळ्यातली नाहीतर उन्हाळ्यातली. सिममध्ये कोकण कायम फाल्गुन-चैत्रात असते. हवामान मात्र खऱ्या वेळेचे जोडलेले असते, त्यामुळे जुलैत सिम चालू केला की वाळक्या तपकिरी डोंगरांवर धो धो पाऊस कोसळताना दिसतो. जुन्या एफएसएक्समध्ये ऋतूंप्रमाणे टेक्स्चर बदलण्याची सोय होती. त्यात वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा आणि कडक हिवाळा असे पाच ऋतू होते. दोन हिवाळे, पण पावसाळा एकही नाही. एक्स-प्लेन १२ने झाडांचे ऋतू परत आणले. तिथेही मुख्य विचार पानगळीचा आणि बर्फाचाच. ज्यांनी हे सिम बनवले त्यांच्या देशांत असेच ऋतू असतात, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपला पावसाळा आपणच रंगवायचा आहे.

तो रंगवायचा म्हणजे काय, हे जरा विस्ताराने लिहिले पाहिजे. मुंबईत २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर येताना ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपर-कुर्ल्याच्या अंगाने खाली यावे लागते. मे महिना संपत आला की तिथल्या पत्र्यांच्या छपरांवर निळे प्लास्टिक आणि ताडपत्र्या चढतात. वरून वस्तीचा रंगच बदलतो: करडा-तांबूस पट्टा निळा होतो आणि नवरात्रापर्यंत तसाच राहतो. जून ते सप्टेंबर मुंबईत उतरलेल्या कुणालाही विचारा, त्याला तो निळा आठवतो. विमानतळाच्या आतल्या मोकळ्या जागा हिरव्या होतात, मिठी फुगलेली असते. ही नदी धावपट्ट्यांखालून जाते हे अनेक सीनरीकारांच्या गावीही नसते; नदी कुंपणाशी येऊन संपते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि विमानतळ बंद पडला, त्या घटनेत या नदीचा मोठा वाटा होता. तिचा बोगदा आणि दोन्हीकडची तोंडे सीनरीत असायलाच हवीत. शिवाय पावसाआधी आणि पाऊस संपल्यावर काही तास धावपट्ट्या बंद ठेवून दुरुस्ती होते. त्यामुळे टचडाउनच्या जागेवरचे रबराचे काळे पट्टे आणि खुणांच्या रंगाचा ताजेपणासुद्धा महिन्यागणिक वेगळा असतो.

चिपी आणि मोपा तर कातळसड्यावर वसलेले विमानतळ. सडा मे महिन्यात काळा-तांबडा, भाजलेला असतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात तो हिरवा होऊ लागतो आणि भाद्रपदात फुलांनी भरतो. खालच्या खाचरांत जुलैत पाणी चमकते, ऑक्टोबरात भात पिवळे पडते. टेक्स्चरचे तीनच संच, उन्हाळा, पावसाळा आणि कापणीनंतरचा, एवढे केले तरी कोकणातली सीनरी आजच्यापेक्षा कितीतरी खरी होईल. फ्रेम रेटवर त्याचा भार जवळजवळ शून्य, कारण एका वेळी एकच संच लोड होतो.

बंद झालेल्या विमानतळांच्या सीनरी याबाबतीत पुढे आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. हाँगकाँगचा काई ताक ६ जुलै १९९८ रोजी बंद झाला. त्याची सीनरी करणाऱ्याला वर्ष निवडावेच लागते. लाल-पांढऱ्या चौकटींची टेकडी, तिथून उजवीकडे ४७ अंशांचे वळण, कौलूनच्या गच्च्या, हे सगळे त्या वर्षाशी ताडून पाहिले जाते. शिकागोच्या मेग्ज फील्डचेही तसेच. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये वर्षानुवर्षे सुरुवात तिथूनच व्हायची. ३० मार्च २००३च्या रात्री महापौरांच्या हुकमाने बुलडोझरनी धावपट्टीवर फुल्या खोदल्या. ही सीनरी करणारे लोक छायाचित्रांच्या मागची तारीख वाचतात. चालू विमानतळाच्या बाबतीत मात्र 'अद्ययावत' एवढा शब्द लिहून आपण मोकळे होतो.

धावपट्ट्यांचे क्रमांकही बदलतात. चुंबकीय उत्तर सरकते म्हणून २००९ मध्ये लंडनच्या स्टॅन्स्टेडची ०५/२३ धावपट्टी ०४/२२ झाली. आपला नॅव्हडेटा एआयआरएसी चक्राप्रमाणे दर २८ दिवसांनी नवा होतो. सीनरी जुनीच राहिली तर कॉकपिटमधला एफएमसी एक आकडा दाखवतो आणि डांबरावर दुसरा दिसतो.

लोहगाव आणि दाबोळीबद्दल एक स्पष्ट सांगतो. पहिला हवाई दलाचा तळ, दुसरा नौदलाचा. तिथल्या लष्करी भागाची छायाचित्रे मागू नका, काढू नका, कुणी पाठवली तर वापरू नका. भारतीय विमानतळ प्राधिकरण एआयपीमध्ये जे नकाशे प्रसिद्ध करते तेवढे नागरी उड्डाणाला पुरेसे आहेत. उरलेल्या जागी साधी, बिनतपशिलाची छपरे चालतील.

पुढच्या अंकापासून आमच्या प्रत्येक सीनरी-परीक्षणाच्या सुरुवातीला चार नोंदी असतील: उंचीची माहिती कोणत्या वर्षाची, जमिनीचे चित्र कोणत्या महिन्याचे, इमारती आणि खुणा कोणत्या तारखेच्या, आणि नकाशे कोणत्या एआयआरएसी आवृत्तीचे. सीनरी फुकट असो वा विकतची, करणाऱ्याला आम्ही हे चार प्रश्न विचारू आणि मिळालेले उत्तर जसेच्या तसे छापू. उत्तर आले नाही तर ती जागा कोरी राहील.

आणि मुंबई, ठाणे, सिंधुदुर्ग, उत्तर गोवा इथल्या वाचकांना एक विनंती. या पावसाळ्यात आपल्या गच्चीवरून, टेकडीवरून भोवतालची छपरे, शेते, सडे यांची छायाचित्रे काढून पाठवा. महिन्यातून एक, एकाच जागेवरून, ढगाळ उजेडात काढलेले हवे. कडक उन्हातल्या सावल्या टेक्स्चरमधून काढून टाकणे फार जिकिरीचे असते. चित्र मूळ फाइलमध्येच पाठवा. मोबाइलवरून फिरवलेल्या प्रतीत काढल्याची वेळ पुसली जाते. जमलेली सगळी छायाचित्रे आम्ही सीनरीकारांना विनामूल्य देऊ.