शंकरपट परतला, पण कोणता?

शंकरपटाविषयी मराठवाड्यात आज जे बोलले आणि लिहिले जाते, त्याचा सूर बहुधा एकच असतो. जुना काळ चांगला होता. मध्ये न्यायालयाची बंदी आली. आता बंदी उठली, तेव्हा ते दिवसही परत आले. ही मांडणी सोयीची आहे, पण खरी नाही. पट परतला आहे. ज्याच्या आठवणीने गळा दाटून येतो, ती गोष्ट मात्र परतलेली नाही. आणि ती न्यायालयाने नेलेलीही नव्हती.

आधी घटनाक्रम पाहू. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबरच महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बेकायदा ठरवल्या. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली. परंतु उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती सुरू होऊ शकल्या नाहीत. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. म्हणजे बंदीचा काळ साधारण साडेसात वर्षांचा. तेवढ्या अवधीत एखादी लोकपरंपरा नाहीशी होत नाही. झालीच, तर तिचे मूळ आधीच तुटलेले असते.

ते मूळ कोणते? जुन्या पटात धावणारी जोडी ही मुख्यतः औताची जोडी होती. वखराच्या पाळ्या, तिफणीची पेरणी, कडब्याची ने-आण हे सारे ज्या खांद्यांवर होई, तेच खांदे जत्रेच्या दिवशी छकड्याला जुंपले जात. पाहणाऱ्यांना ती जोडी ओळखीची असे. गोऱ्हा कोणत्या गाईचा, कोणाच्या दावणीला वाढला, गेल्या उन्हाळ्यात त्याला वैरण पुरली की नाही, हे सारे ठाऊक असलेली माणसे पटाच्या दोन्ही बाजूंना उभी असत. त्यांच्या लेखी शर्यत ही नुसती वेगाची नव्हती. वर्षभराच्या निगेची ती जाहीर परीक्षा होती. श्रम आणि खेळ यांच्यात तेव्हा भिंत नव्हती.

असे आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत १९४८ साली नॅस्कार ही संस्था स्थापन झाली, तेव्हा ‘स्टॉक कार’ म्हणजे दुकानात मिळते तशी, रोजच्या वापरातली मोटार. पुढे नाव तेच राहिले आणि गाडी मात्र केवळ शर्यतीसाठी बांधली जाऊ लागली. नॉर्थ कॅरोलायनातील नॉर्थ विल्क्सबरोचे जुने, लहान मैदान १९९६ नंतर या संस्थेच्या मोठ्या शर्यतींना मुकले होते. २०२३ मध्ये तेथे पुन्हा मोठी शर्यत झाली. मैदान परत मिळाले. घरच्या मोटारीने शर्यतीत उतरण्याचा काळ मिळाला नाही.

आपल्या पटाचेही तेच झाले. बैल दावणीवरून हटवला तो ट्रॅक्टरने आणि बदललेल्या पीकपद्धतीने. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि कडबा आटला. सोयाबीनच्या काडाला कडब्याची सर नाही. पशुगणनेचे आकडे बोलके आहेत. देशातील गोवंशातील नरांची संख्या २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ मध्ये ती ४ कोटी ७४ लाखांवर आली. याच काळात गाई मात्र वाढल्या. शेतात बैल उरला नाही, तर पटात उतरणार कोण? उतरतो तो शर्यतीपुरता जोपासलेला, लाखांत किंमत होणारा बैल आणि त्याला पोसू शकणारा मालक. सामान्य शेतकरी प्रेक्षक होतो.

शर्यतींमुळे देशी गोवंश टिकेल, हा युक्तिवाद देवणीत बसून तपासला पाहिजे, कारण आमच्या गावाचे नाव एका गोवंशाचेही नाव आहे. वान्नेरा, बालंक्या आणि शेवरा हे देवणीचे तीन प्रकार. गाईला दूध आणि बैलाला ओढ, असा या जातीचा दुहेरी लौकिक. सेकंदांवर निवड होऊ लागली की सरशी होते ती चपळ खिल्लाराची. देवणीचा गुण संथ, दीर्घ कामात आहे. तो घड्याळात मावत नाही.

आणखी एक गोष्ट स्मरणरंजनात नेहमी गळते. या शब्दात ‘रंजन’ आहे, आणि रंजनाला अडचणीचे तपशील नको असतात. जुन्या पटातही आर टोचली जाई, शेपट्या पिरगाळल्या जात. बैलाच्या अंगावरचे ते वळ परंपरेच्या नावाखाली झाकता येणार नाहीत. आज काठी-चाबकास मनाई आहे, हे चांगलेच झाले. शिवाय मोठ्या दावणीवर जोडीची वैरण-पाणी, खरारा सालगडी करी. फेटा मात्र मालकाच्या डोक्यावर चढे. ‘ते दिवस’ कोणाचे होते, हा प्रश्न ग्रामीण आणि दलित साहित्याने आपल्याला शिकवला आहे. तो पटाच्या वेळीच का विसरावा?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की आठवण ठेवायची तर पुरती ठेवावी. हळहळ जर वेगाविषयी असेल, तर तक्रारीला जागा नाही. वेग परत मिळाला आहे. ती माणूस आणि जनावर यांच्या कामातल्या सोबतीविषयी असेल, तर पटाला गर्दी करून भागणार नाही. माळेगावच्या खंडोबा यात्रेत पशुप्रदर्शनाची परंपरा आहे. आपल्या जत्रांनीही औत धरणाऱ्या जोडीला, तिची निगा राखणाऱ्या हाताला आणि देवणी गाईच्या दुधाला पटाइतकेच मोठे बक्षीस ठेवावे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात कामाच्या बैलाला गिऱ्हाईक मिळते की नाही, यावर देवणीचे भवितव्य ठरेल. पटातल्या आरोळ्यांवर नव्हे.