गुप्तधन नव्हे, पेव!

पाया खणताना कुदळ पोकळीत गेली की वस्तीत कुजबूज सुरू होते, ‘भुयार आहे, धन असणार!’ मग कोणीतरी मांत्रिक आणतो, लिंबू-नारळ येते, कोंबड्याचा जीव जातो. बंधू-भगिनींनो, आम्ही विचारतो, आपल्या पूर्वजांनी जमिनीत खरोखर काय पुरून ठेवले होते? सोने नव्हे, धान्य!

आपल्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी यांनी सुमारे ३००० वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. मातीची घरे, चुली आणि जमिनीत खणलेली पेवे! जव, गहू, मसूर यांचे जळके दाणे सापडले. नदीचे पाणी वळवणारा पाट होता. लहान मूल दगावले तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घराच्या जमिनीखालीच पुरत. त्या आईचे दुःख आजच्या आईला सांगावे लागत नाही.

पुढे मोठी चौकोनी घरे गेली, लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला, शेती बसली, असा संशोधकांनी अर्थ लावला. राजाचा शिलालेख नसला तरी गरिबाचा इतिहास असा दाण्यात आणि खापरात सापडतो.

आज मुळशी तालुक्यात हिंजवडीपासून डोंगरापर्यंत इमारती उठत आहेत. पहिली कुदळ आपल्याच मजुराची पडते. म्हणून आमचे सांगणे ऐका. पोकळी लागली तर लगेच आत उतरू नका. बंद पेवात विषारी हवा साचते, माणूस गुदमरून मरतो. खापर फोडू नका, राख उपसू नका, काम थांबवून तलाठ्याला सांगा. पुरलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदाच सांगतो. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मांत्रिकाला दिलेले पैसे मुलांच्या वह्या-पुस्तकांना लावा. सुट्टीत त्यांना संग्रहालयात न्या, खापर दाखवा. खरे धन तेच!