तलवारीची शाळा शोधताना

तोक्योच्या एदोगावा विभागात निशिकासाई नावाचा परिसर आहे. तेथे भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असून त्यांत मराठी घरेही आहेत. मुलाकडे किंवा लेकीकडे काही महिने राहावयास गेलेल्या आजी-आजोबांचा तेथील दिवस फार मोठा असतो. नातवंडे शाळेत, मुलगा-सून कामावर, बाहेर पडावे तर भाषा येत नाही. अशा वेळी जवळच्या क्रीडाकेंद्रात आपल्याच वयाची जपानी माणसे दिसतात. पायघोळ, चुण्यांचा हाकामा नेसून, कमरेला तलवार खोवून ती संथपणे एकेक हालचाल करीत असतात. ते पाहून मनात प्रश्न येतो : हे मला जमेल का? आणि घरच्यांच्या मनात त्याच वेळी दुसरा प्रश्न उभा राहतो : या वयात हे धाडस कशाला?

वाचकहो, दोन्ही प्रश्न योग्य आहेत आणि दोहोंचे उत्तर बरेचसे शाळेवर अवलंबून आहे. जपानी तलवारविद्येच्या शाळेला ‘दोजो’ म्हणतात. दोजो किती जुना, त्याचे नाव किती मोठे, गुरूंची श्रेणी कोणती, यांपेक्षा ज्येष्ठांनी एक गोष्ट आधी पाहावी. त्या दोजोतील सर्वांत वयस्कर शिष्य कसा शिकतो, आणि त्याला कसे शिकविले जाते? आजचे सारे विवेचन या एका कसोटीभोवती आहे.

प्रथम, शोधावयाचे काय हे ठरवावे लागते, कारण ‘तलवारविद्या’ या एका शब्दात निरनिराळ्या विद्या सामावल्या आहेत. केंदोमध्ये बांबूच्या चार पट्ट्यांची ‘शिनाई’ असते, अंगावर चिलखत असते, समोर प्रतिस्पर्धी असतो. डोके, मनगट व धड यांवर प्रत्यक्ष वार होतात, वाराबरोबर पाय जोराने आपटला जातो आणि मोठ्याने ललकारी द्यावी लागते. इआइदोमध्ये प्रतिस्पर्धी केवळ कल्पनेत असतो. म्यानातून तलवार उपसणे, वार करणे, पाते झटकणे आणि पुन्हा म्यान करणे, एवढाच क्रम एकट्याने, शांतपणे करावयाचा असतो. तिसरी विद्या जोदो. तीत सुमारे १२८ सेंटिमीटर लांबीची लाकडी काठी घेऊन लाकडी तलवारधारी जोडीदारासमोर ठरलेले पवित्रे करतात. अखिल जपान केंदो महासंघ १९५२ साली स्थापन झाला. या तिन्ही विद्या त्याच्या छत्राखाली येतात. म्हणून एखाद्या विभागाच्या केंदो संघाकडे चौकशी केली की इआइदो व जोदो यांचाही पत्ता बहुधा लागतो.

याखेरीज ‘कोर्यू’, म्हणजे १८६८ च्या मेइजी परिवर्तनापूर्वीच्या प्राचीन परंपरा, आहेत. चिबा प्रांतातील कातोरी देवस्थानाशी निगडित असलेली तेनशिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू ही पंधराव्या शतकातील परंपरा त्यांपैकी एक. १९६० साली चिबा प्रांताने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेथे प्रवेश घेताना रक्ताच्या ठशाने शपथ घेण्याची रीत आहे. अशा परंपरांचे दर्शन घ्यावे, त्यांचा आदर करावा. परंतु तेथील प्रवेश म्हणजे दीर्घकाळाची बांधिलकी असते. तीन महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्याने तेथे आग्रह धरणे उचित ठरत नाही. अशा परंपरांची प्रात्यक्षिके दरवर्षी फेब्रुवारीत तोक्योच्या निप्पोन बुदोकान या भव्य सभागृहात होतात. ज्यांना केवळ पाहावयाचे आहे त्यांनी तेथे अवश्य जावे.

नव्याने आरंभ करणाऱ्या ज्येष्ठांना सामान्यतः इआइदो किंवा जोदो अधिक मानवते. येथे गुडघ्यांचा प्रश्न लगेच उभा राहतो. जपानी बैठक ‘सेइझा’ ही आपल्या वज्रासनासारखीच असते, आणि इआइदो म्हटले की सेइझा आलीच, असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. महासंघाने १९६९ साली सर्व परंपरांतून निवडून सात प्रकार निश्चित केले. १९८० मध्ये तीन व २००० मध्ये दोन वाढवून ते बारा झाले. या बारांपैकी पहिले तीन सेइझातून आरंभ होतात, चौथा एक गुडघा उभा ठेवून बसलेल्या स्थितीतून, आणि उरलेले आठही उभ्याने करावयाचे असतात. म्हणजे ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांच्यासाठीही विद्येचे मोठे दालन उघडे आहे. गुरूंना आरंभीच विचारावे : “मला केवळ उभ्याचे प्रकार शिकविता येतील का?” सुज्ञ गुरू या प्रश्नाने नाराज होत नाहीत. जे होतात, त्यांचा दोजो आपल्यासाठी नाही, एवढे त्यातून समजते.

आता शोध कोठे घ्यावा? जपानमधील विभाग व नगरपालिका आपली क्रीडाकेंद्रे चालवितात आणि त्यांपैकी अनेकांत लाकडी भुईचे ‘बुदोजो’, म्हणजे युद्धकलांचे दालन, असते. तेथील फलकावर कोणत्या दिवशी कोणता वर्ग भरतो हे लिहिलेले असते. विभागाच्या माहितीपत्रकातही नवशिक्यांच्या वर्गांच्या सूचना येतात. घरातील जपानी वाचणाऱ्या व्यक्तीने त्यांवर नजर ठेवावी. ‘केनगाकु’, म्हणजे बसून पाहणे, आणि ‘ताइकेन’, म्हणजे एकदा करून पाहणे, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत. या दोन शब्दांनी बहुतेक दोजोंची दारे उघडतात. ज्येष्ठांनी शिकणे तेथे विचित्र मानले जात नाही. साठ वर्षांवरील नागरिकांसाठी ‘नेनरिनपिक’ नावाचा राष्ट्रीय महोत्सव १९८८ पासून भरतो आणि त्यात केंदोचेही सामने असतात. केंदोची आठवी श्रेणी मिळविण्याच्या परीक्षेला बसण्यासाठी वय किमान ४६ वर्षे असावे लागते आणि सातव्या श्रेणीनंतर दहा वर्षे गेलेली असावी लागतात. वयाला मान देणारी ही विद्या आहे.

पाहावयास जाल तेव्हा पूर्ण वर्ग संपेपर्यंत बसा. दारात पादत्राणे काढा, आत जाताना किंचित वाका, मधे बोलू नका. आणि पुढील गोष्टी शांतपणे न्याहाळा. वर्गात साठीपुढचे किती जण आहेत? त्यांच्यापैकी कोणी मधेच थांबून कडेला बसले तर त्याला कोणी टोकते का, की ते सहज घडते? आरंभी अंग मोकळे करण्यास पुरेसा वेळ देतात का? तलवार उपसताना शिष्यांमध्ये पुरेसे अंतर राखले जाते का? नवख्याच्या हाती प्रथम लाकडी तलवार देतात की लगेच धातूची? चूक झाली असता गुरू हाताने दाखवितात की केवळ ओरडतात? या सहा निरीक्षणांतून जे कळेल ते कोणत्याही प्रमाणपत्रातून कळणार नाही.

त्यानंतर काही व्यावहारिक प्रश्न विचारावेत. मासिक शुल्क, म्हणजे ‘गेश्शा’, किती? संघाची वार्षिक वर्गणी वेगळी आहे का? पोशाख व शस्त्र पहिल्या दिवशीच घ्यावे लागते की दोजो काही काळ उसने देतो? विम्याचे काय? जपानमध्ये क्रीडासंस्थांसाठी ‘सुपोत्सु आनझेन होकेन’ हा सामूहिक विमा असतो. त्यात ६५ वर्षांवरील सदस्यांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. आपले नाव त्यात घातले जाईल का, हे स्पष्ट विचारावे. आपण किती महिने राहणार आहात, हेही पहिल्याच भेटीत सांगावे. गुरू त्यांचा वेळ देणार असतात. तो किती काळासाठी, हे जाणण्याचा त्यांना अधिकार आहे.

शस्त्राविषयीही थोडे सांगितले पाहिजे. सरावाची ‘इआइतो’ मिश्रधातूची असते व तिला धार नसते, परंतु टोक अणकुचीदार असते आणि वजन किलोच्या आसपास भरते. ती पिशवीत, पूर्ण झाकूनच न्यावी. खऱ्या पोलादी तलवारीसाठी जपानी कायद्याप्रमाणे नोंदणीपत्र लागते. पहिल्या मोसमात काहीही विकत घेऊ नये, हेच शहाणपणाचे.

प्रवेशापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटणे आवश्यक आहे, आणि “व्यायाम करू का?” एवढेच न विचारता प्रत्यक्ष काय करावयाचे आहे ते त्यांना सांगावे : किलोभर वजनाची वस्तू दोन्ही हातांनी डोक्यावर उचलणे, एका पायावर भार देणे, गुडघ्यावरून उठणे, अनवाणी लाकडी भुईवर चालणे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना झटकन उठताना घेरी येऊ शकते. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब वाढतो, म्हणून वाराबरोबर श्वास सोडण्याची सवय लावावी. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर प्रत्येक वर्गानंतर तळपाय पाहावेत. रक्त पातळ करणारी औषधे, हाडांचा ठिसूळपणा किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असल्यास डोक्यावर वार होणाऱ्या केंदोपासून दूर राहावे. सांधा बदललेला असेल तर गुडघ्यावर बसण्याविषयी शल्यविशारदांचाच शब्द अंतिम मानावा. तोक्योतील जुलै-ऑगस्टचा दमट उष्मा कठीण असतो. त्या दिवसांत पाणी जवळ ठेवावे आणि अस्वस्थ वाटताच थांबावे.

एवढ्या सावधगिरीनंतर लाभ काय, असे कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावेत, जेणेकरून पडण्याचा धोका घटेल. इआइदोत पाऊल टाकणे, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, पाठ ताठ ठेवणे आणि क्रम लक्षात ठेवणे हे एकत्र घडते. आठवड्यातील एका वर्गाने ती गरज पुरी होत नाही. उरलेल्या दिवशी घरी, मोकळ्या हातांनी, पावले तेवढी गिरवावीत. परंतु आणखी एक लाभ आहे आणि तो कोणत्याही तक्त्यात बसत नाही. ज्या गावात आपले नाव घेणारे घराबाहेर कोणी नाही, तेथे दर आठवड्याला ठरलेल्या वेळी आपली वाट पाहणारी माणसे मिळतात. भाषा येत नसली तरी पावलांचा क्रम समान असतो.

आता दोन शब्द मुलांसाठी व सुनांसाठी. “बाबा, पडलात तर कोण बघणार?” हा प्रश्न काळजीतूनच येतो. पण तो वारंवार ऐकणारा माणूस हळूहळू खुर्चीतून उठेनासा होतो, आणि न उठणाऱ्याचा तोल अधिकच जातो. मनाई करण्यापूर्वी त्यांच्याबरोबर एकदा पाहावयास जा. दुभाषी व्हा, पण त्यांच्या वतीने उत्तरे देऊ नका. गुडघ्याचे, औषधांचे, राहण्याच्या काळाचे त्यांनाच सांगू द्या. औषधांची यादी व घरचा दूरध्वनी क्रमांक जपानी भाषेत एका कागदावर लिहून त्यांच्या पिशवीत ठेवा. पहिले दोन-तीन वर्ग सोबत बसा आणि मग त्यांना एकटे जाऊ द्या. उत्साह उलट दिशेनेही जाऊ नये. त्यांचे मन नसताना “जा, तेवढाच विरंगुळा” म्हणून ढकलणे हेही ओझेच असते.

कदाचित दोन-तीन दोजो पाहूनही मनासारखा मिळणार नाही. कोठे फार कठोरपणा असेल, कोठे वर्ग रात्री उशिरा भरत असेल, कोठे जिने फार असतील. तेव्हा खट्टू होऊ नये. नकार देण्यातही विवेक आहे. आणि जेथे सर्वांत वयस्कर शिष्य दमून कडेला बसतो, घोटभर पाणी पितो आणि कोणी काही न म्हणता पुन्हा आपल्या जागी येऊन उभा राहतो, त्या दोजोत आपले नाव नोंदवावे. तेथे आपल्यालाही थांबता येईल, आणि पुन्हा उभे राहता येईल.