खुंट्या ठोकण्याआधी शेजाऱ्यांना विचारा



1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून जबलपुरात कमानिया गेट उभे राहिले. आज त्या गर्दीत चहाला थांबलात तर पाच मिनिटांत कुणीतरी प्लॉटचा नकाशा पुढे करतो. हिरवी बाग, तीस फुटी रस्ता, कोपऱ्यात मंदिर. पहिला प्रश्न ठरलेला : "भाईसाहब, रिटायरमेंट कब है?" आपल्या ग्रॅच्युइटीची तारीख घरच्यांपेक्षा या दलालांना जास्त ठाऊक!

ट्रॅकवर तीस वर्षे काढलेल्या एका सेवानिवृत्त सहकाऱ्याबरोबर मी असाच शहराबाहेरच्या एका गावी जमीन पाहायला गेलो. बयाणा त्याने आधीच दिला होता. योगायोगाने त्या दिवशी पंचायत भवनात त्याच जमिनीवर बैठक चालली होती. एकीकडे शेजारचे शेतकरी, दुसरीकडे नकाशा घेऊन आलेले दोन सरकारी कर्मचारी, मध्ये कॉलनीवाल्याचा माणूस. आमच्या मित्राच्या प्लॉटवर बोट ठेवून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "यहाँ तो नाला है, भैया."

मित्र गप्प झाला. नाला बुजवला की काय होते हे ट्रॅकवाल्याला सांगावे लागत नाही. पाणी भरावाशी तुंबते, मोरीला पेलत नाही, रुळाखालची खडी वाहून जाते आणि भर पावसात गस्तवाल्याचा जीव टांगणीला लागतो. त्यात इकडची काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. 22 मे 1997 च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी जबलपुरात सोसला, त्यांना कच्च्या पायाचे घर म्हणजे काय ते विचारा.

दलाल डायव्हर्शनची पावती दाखवतो. ती म्हणजे शेतजमीन दुसऱ्या वापराला नेल्याचा महसूल भरल्याची खूण. कॉलनीची परवानगी नव्हे. ले-आउटची मंजुरी नगर तथा ग्राम निवेश खात्याची लागते. शिवाय 1959 च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे गावाचे निस्तार पत्रक असते, वाजिब-उल-अर्ज असते. गुरे कुठे चरायची, वाट कुठून, पाणी कुठून, हे त्यात लिहिलेले असते. ते वाचले तर म्हाताऱ्याचे बोट बरोबर कुठे पडले ते कळते.

शहराच्या विकास योजनेचा मसुदा निघाला की 1973 च्या अधिनियमाप्रमाणे लोकांच्या लेखी हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी 30 दिवस असतात. आपल्यापैकी किती जणांनी आजवर एक तरी हरकत लिहिली? आणि एकेका शेताचा ले-आउट होतो तेव्हा तर शेजाऱ्याला विचारण्याची रीतच नाही. ती पडली पाहिजे. ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावा, शेजाऱ्यांचे म्हणणे लिहून घ्या, मगच मंजुरी द्या, ही मागणी आपल्या संघटनांनी केली पाहिजे. हा फक्त गावकऱ्यांचा प्रश्न आहे असे म्हणणाऱ्यांना मी विचारतो, त्या नाल्यात घर कुणाचे बुडणार? (जमीन विकणारा शेतकरीही हौसेने विकत नाही, हेही लक्षात असू द्या.)

काही मित्र म्हणतात, पुढे सगळे वैध होतेच. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने अवैध कॉलन्या नियमित करण्याचा नियमच रद्द केला होता. 2021 मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती करून पुन्हा वाट काढली. या दोन वर्षांत तिथे राहणाऱ्यांच्या जिवाला किती घोर लागला असेल? नियमित झाले तरी रस्ता-गटाराच्या खर्चाचा वाटा रहिवाशांवर येऊ शकतो, म्हणजे एका रस्त्याचे पैसे दोनदा. आमचे पोस्टमन बंधू सांगतात, अशा कॉलन्यांत घरांना नंबरसुद्धा नसतात. पेन्शनचे पत्र हातात घेऊन गल्लोगल्ली फिरायचे.

2016 च्या रेरा कायद्याने 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या प्लॉट-योजनेला नोंदणी सक्तीची केली. नोंदलेला करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा. दलाल विषय बदलू लागला तर चहा संपवून उठा.

आमच्या मित्राने तो प्लॉट सोडला. बयाण्याचे अकरा हजार मात्र अजून आलेले नाहीत. दोन पत्रे गेली आहेत, तिसरे युनियनच्या कार्यालयात लिहून तयार आहे.