मोबाइल घरचा, लक्ष शाळेचे

पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर 2022 मध्ये 18 वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करणारा ठराव केला, तेव्हा आपल्या वऱ्हाडातील हे छोटे गाव देशभर गाजले. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे रोज सायंकाळी 7 वाजता भोंगा वाजू लागला. दीड तास दूरचित्रवाणी व मोबाइल बंद. लहानांचे आणि मोठ्यांचेही. मला हा दुसरा उपाय अधिक पटतो. नुसत्या बंदीने मूल मोबाइल लपवते, आणि मोबाइल लपवणारे मूल मोबाइलमधून आलेले संकटही लपवते.

शिवाय आपल्या व्यापारी घरांत बंदी टिकणार कशी? ऑर्डर, बिले, बँकेचा ओटीपी, सारे एकाच फोनवर. आणि रात्री दुकान बंद झाले की तोच फोन मुलाच्या हाती. वडील दिवसभर पेढीवर. मुलातील बदल प्रथम दिसतो तो शाळेत.

बँकेच्या नोकरीत एक गोष्ट पाहिली. ग्राहक अडचणीत असल्याचे काउंटरवरील कर्मचाऱ्यास आधी कळते. व्यवस्थापकाच्या केबिनपर्यंत ते नंतर पोहोचते. शाळेतही वर्गशिक्षिका, ग्रंथपाल, शिपाई, बसचालक हीच ती काउंटरवरची माणसे. हसतेखेळते मूल एकाएकी गप्प होणे, मधल्या सुट्टीत एकटे बसणे, अकारण गैरहजेरी, खिशात न शोभणारे पैसे, या खुणा त्यांना दिसतात. त्या कोणाला सांगायच्या, हे मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

मूल बोलू लागले, तर पहिले वाक्य फार जपून उच्चारावे. ‘तू मोबाइल घेतलासच कशाला?’ असे विचारले की दार बंद झाले. शांतपणे ऐकावे, तीच हकीकत चार जणांपुढे वदवून घेऊ नये. समोरच्या खात्याचे नाव, दुवा, दिनांक, वेळ लिहून ठेवावी. घाबरून सारे पुसू नये. मात्र आक्षेपार्ह छायाचित्र मुख्याध्यापकांना ‘दाखवण्यासाठी’सुद्धा पुढे पाठवू नये. बालकांचे अश्लील चित्रण पाठवणे, साठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67बी खाली गुन्हा आहे.

येथे अनेक संस्थाचालक अडखळतात. ‘शाळेचे नाव जाईल’ म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवले जाते. परंतु लैंगिक स्वरूपाचा गुन्हा असेल, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याचे कलम 19 पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक करते. न कळवल्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थाप्रमुखाने दडवल्यास 1 वर्षापर्यंत कैद. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास मात्र संरक्षण आहे, आणि मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. 2024 च्या बदलापूर प्रकरणात (तो गुन्हा ऑनलाइन नव्हता) वेळीच न कळवल्याबद्दल शाळेच्या जबाबदार व्यक्तींवर स्वतंत्र गुन्हा नोंदवला गेला. नाव कशाने जाते, ते तेव्हा सर्वांनी पाहिले.

मदतीचे मार्ग हाताशी आहेत. बालकांसाठी 1098, पैशांची फसवणूक झाल्यास तत्काळ 1930, कारण रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखता येते. अमरावती व अकोला या दोन्ही ठिकाणी सायबर पोलीस ठाणे आहे. अल्पवयीन मुलाचे खाजगी छायाचित्र पसरण्याची भीती असेल, तर ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा मूळ चित्र न मागता केवळ त्याच्या सांकेतिक ठशावरून ते समाजमाध्यमांवर रोखण्यास साहाय्य करते.

अकोल्याचा विचार वेगळा करावा लागतो. वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी तेथे खेड्यापाड्यांतून मुले येतात, खोल्या घेऊन राहतात. हाती फोन आणि घर दूर. त्यांच्यासाठी शिकवणीवर्गाचे व वसतिगृहाचे कर्मचारी हेच शाळा होत.

शाळांनी स्वतःच्या सवयीही तपासाव्यात. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे नाव, इयत्ता, तुकडीसह सर्वांसाठी खुली करणे कशासाठी? शिक्षकाने विद्यार्थ्याशी रात्री खाजगी संदेशांतून बोलण्यापेक्षा पालक असलेल्या गटात बोलावे. आणि 2019 मध्ये ‘मोमो’ची अफवा जशी अनेक शाळांनीही पसरवली, तसे न पडताळलेले इशारे पुढे ढकलू नयेत, त्याने मुले केवळ घाबरतात किंवा कुतूहलाने शोधू लागतात.

पुढील पालकसभेत शुल्क आणि बसचे वेळापत्रक यांची चर्चा होईलच. त्याआधी मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे: माझ्या मुलाला भीती वाटली, तर त्याने तुमच्या शाळेत नेमके कोणाकडे जावे, आणि त्या व्यक्तीचे नाव मुलाला ठाऊक आहे काय?