मुलं मोबाईल सोडून पुन्हा डेस्कटॉपकडे का वळतायत?

आमच्या शाळेतून पुढे हायस्कूलला गेलेली मुलं हल्ली भेटली की महागडा मोबाईल हवाय असं म्हणत नाहीत. "पीसी बिल्ड करायचाय" म्हणतात. म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड असे सुटे भाग आणून संगणक जोडायचा, आणि तोही गेम खेळायला! आपण ज्याला अडगळ म्हणून माळ्यावर टाकलं, तेच यांना का हवंय? पालक लगेच वैतागतात. पण मला विचाराल तर मुलांचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे.

मुख्य कारण आहे उष्णता. अर्धा तास गेम खेळला की मोबाईल तापतो. तापला की आतला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो आणि नेमक्या वेळी गेम अडकतो. लॅपटॉपचंही तेच. चपट्या डब्यात हवा खेळायला जागाच नसते. आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड घ्या. डेस्कटॉपमधलं ४५० वॅटपर्यंत वीज घेतं, लॅपटॉपमधलं साधारण १५० ते १७५ वॅटवर थांबतं. आतली चिपसुद्धा वेगळी, मेमरी २४ जीबीऐवजी १६ जीबी, आणि नाव मात्र तेच! दुकानात नुसतं नाव वाचून पैसे मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. मोबाईलची रॅम वाढवता येत नाही, जुना झाला की नवाच घ्यावा लागतो. डेस्कटॉपचा जो भाग बिघडला तेवढाच बदलायचा. एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटचे २०१७ सालचे अनेक मदरबोर्ड असे आहेत, की बायॉस अपडेट केल्यावर त्यावर २०२२ चा प्रोसेसर बसतो. आपल्या आजीच्या शिलाई मशीनसारखंच म्हणा ना.

शिवाय मोबाईलवरचे गेम आज आहेत, उद्या नाहीत. पब्जी सप्टेंबर २०२० मध्ये बंद झाला. त्याच्या जागी बीजीएमआय आला, तोही जुलै २०२२ मध्ये गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. माझ्या पाहण्यातली काही मुलं त्याच काळात संगणकावरच्या व्हॅलोरंटकडे गेली. तोही फुकट, आणि साध्या संगणकावर चालतो. पूर्वी फक्त प्लेस्टेशनवर मिळणारा गॉड ऑफ वॉर २०२२ पासून पीसीवर आहे. विकत घेतलेला गेम आवडला नाही तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. मोबाईलच्या 'फुकट' गेममध्ये हिऱ्यांवर आणि कपड्यांवर उडवलेले पैसे परत मिळवून बघा!

शिक्षक म्हणून मला यात जास्त रस वाटतो तो वेगळ्याच गोष्टीत. संगणकावर गेम उघडून बघता येतो, बदलता येतो. प्रसिद्ध काउंटर-स्ट्राइकची सुरुवात १९९९ साली हाफ-लाइफ या गेममध्ये हौशी तरुणांनी केलेल्या बदलातून झाली. आपल्या पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' २०२० मध्ये आला. असं काही करायचं तर संगणकासमोरच बसावं लागतं.

आता दुसरी बाजू. डेस्कटॉप स्वस्त नाही. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांच्या किमती कशा भडकल्या होत्या, हे घेणाऱ्यांना आठवत असेल. आमच्याकडे लाईट जाते, त्यामुळे यूपीएसचा खर्च वेगळा. आणि मशीन बदललं म्हणून गेमचं वेड कमी होईल असं मुळीच नाही. फक्त डेस्कटॉप पांघरुणात शिरत नाही, शाळेच्या दप्तरात मावत नाही. तो बाहेरच्या खोलीत ठेवला तर मूल काय खेळतंय आणि कुणाशी बोलतंय हे येता-जाता कानावर पडतं. मोबाईलमध्ये ही सोय नाही.

घ्यायचं ठरलंच तर सुरुवातीला ग्राफिक्स कार्ड नको. अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरे, कार्ड पुढच्या दिवाळीत बसवता येतं. तीन दुकानांची कोटेशन मुलालाच आणायला सांगा, आणि त्यावरची १८ टक्के जीएसटीसुद्धा त्यालाच काढू द्या, कॅल्क्युलेटरशिवाय.